दोन मिलिमीटरची रेघ

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे. तूही बरी असशील आणि भावजींचा खोकला कमी असेल असं धरून चालते.

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच ड्रॉवरमध्ये सारशील, म्हणून ऑफिसचं टाइप केलेलं लेबल लावून ते तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. फसवलं, माफ कर. फोन केला असता, पण मागच्या दोन्ही खेपेला माझा आवाज ऐकून तू "राँग नंबर" म्हणालीस. पहिल्यांदा मला खरंच वाटलं की नंबर चुकला. मी पुन्हा तोच फिरवला. बावळट ती बावळटच!

बातमी अशी, की या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला मी निवृत्त होतेय. वेधशाळेतल्या माझ्या खोलीतली कपाटं रिकामी करणं चाललंय आणि त्यातून काय काय निघतंय म्हणून सांगू. वाळलेली शाईची दौत, तुझ्या हातची आकड्यांची वही, आणि ते लाकडी स्टूल. तेच ते, ज्यावर चढल्याशिवाय माझा डोळा दुर्बिणीला पोचायचा नाही आणि ज्याच्यावरून तू मला "बुटके" म्हणायला लागलीस. शिपाई म्हणाला, "मॅडम, हे भंगारात देऊ का?" मी म्हटलं, "आधी मला दे, मग स्टूल दे." तो बिचारा हसावं की नाही या विचारात तसाच उभा राहिला.

आता कामाचं लिहिते.

मी जन्मभर दीर्घिकांच्या मागे लागले हे तुला माहीत आहेच. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे, आणि आमच्या फोटोच्या काचेवर ती उतरते तिळाएवढी. त्या तिळांचं वजन काढण्यात माझे केस पिकले. लघुग्रह म्हणजे आमच्या लेखी उपद्रव. तासभर दुर्बीण उघडी ठेवून फोटो घ्यावा आणि नेमका एखादा धोंडा मधूनच चालत जाऊन रेघ ओढून ठेवतो. आम्ही अशा रेघांना शिव्या घालायचो.

तर मागच्या डिसेंबरात आमच्याच कॅमेऱ्यात एक नवा धोंडा सापडला. एखाद्या शाळेच्या मैदानाएवढा असेल. आमच्याकडे कक्षा काढणारा एकजण आहे, त्याला सगळे गणित्या म्हणतात. पन्नाशीचा, टकला, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या, खोकला नसला तरी. त्यानं सहा आठवड्यांच्या नोंदींवरून कक्षा काढली आणि माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. तो दार कधीच लावत नाही.

"बावीस वर्षांनी हा आपल्या अंगावरून जातो," तो म्हणाला.

"अंगावरून म्हणजे किती?"

"चारशेत एक वेळा अंगावरच."

ताई, मी इतकी वर्षं या आकाशाशी बोलतेय, पण ते माझ्याशी असं कधी बोललं नव्हतं.

पण सहा आठवडे म्हणजे काहीच नाही. खिडकीतून एखादा माणूस दोन पावलं चालताना दिसावा आणि तेवढ्यावरून तो कुठल्या गावाला चाललाय हे सांगावं, तसलं ते आहे. याची एखादी जुनी नोंद मिळाली तर उत्तर पक्कं होईल. गणित्यानं कक्षा मागे मागे नेली. एकतीस वर्षांपूर्वी हा धोंडा आपल्या जवळून गेला होता. तेव्हा तो आकाशातल्या एका लांबलचक पट्ट्यात कुठेही असू शकत होता. त्या पट्ट्यात, त्या दिवसांत आपल्या वेधशाळेनं घेतलेल्या काचेच्या प्लेटा किती? मी तळघरातलं रजिस्टर काढलं. एकच निघाली. दोन हजार एकशे सतरा.

तिच्यापुढे लिहिलंय, "बाद. ओरखडा." अक्षर माझं आहे.

आठवत असेलच तुला. डार्करूमच्या दाराशी ती चिनी मातीची वाटी असायची. घड्याळं, अंगठ्या, सगळं तिच्यात काढून ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं, कारण न धुतलेल्या प्लेटवर काही घासलं की तिथे काळी रेघ उमटते, आणि प्लेटवर तारेही काळेच दिसतात. मोठ्या साहेबांचा हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांना आपण आपसांत अमावस्या म्हणायचो. तुझं लग्न नुकतंच ठरलं होतं, अंगठी नवी होती. प्लेट वाळली, तिच्यावर रेघ दिसली, अमावस्येनं तुझ्या बोटाकडे बघितलं आणि निकाल देऊन टाकला. तू म्हणत होतीस की रेघ आकाशातली आहे, कडा बघा. ऐकतो कोण? असो.

त्याच महिन्यात सहायक संशोधक म्हणून तुझं नाव वर जायचं होतं. मोजणी विभागात सहा वर्षं काढून, एकटीनं पुस्तकं वाचून तू तिथवर आली होतीस. आणि ती नोकरीही तू धरली होतीस माझं शिक्षण व्हावं म्हणून. तुझं नाव गेलं नाही, उलट नोकरीच गेली. पुढच्या वर्षी माझं गेलं. असो.

तू जाताना म्हणालीस, "फेकायचीच आहे ना? मग मला द्या," आणि ती प्लेट टॉवेलात गुंडाळून घेऊन गेलीस. मी दारात उभी होते. तू माझ्याकडे न बघता शेजारून निघून गेलीस.

आई गेली तेव्हा आपण दोघी चार दिवस एका खोलीत होतो आणि "पाणी हवं का" यापलीकडे आपलं बोलणं झालं नाही. त्या वेळी जे झालं ते झालं, आता उकरून काय करायचं? असो. प्लेट तुझ्याकडे अजून असेल का? असेल तर पाठवशील का? हे मी माझ्यासाठी मागत नाहीये, एवढं तरी मान.

तुझी,
धाकटी


८ फेब्रुवारी

पत्र मिळालं. टाइप केलेलं लेबल बघून मला वाटलं, वीजवाल्यांची नोटीस.

प्लेट आहे. कपाटात चादरींच्या मध्ये उभी ठेवलीय. काच आडवी ठेवायची नसते. दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा ती माझ्या मांडीवर बसून आली. यांनी एकदा विचारलं, ही टाकून द्यायची का? मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. पुन्हा विचारलं नाही.

आमच्या दुकानात चष्म्यांच्या फ्रेमा घेऊन येणारा माणूस तुमच्या बाजूला जातो, त्याच्या हाती पाठवतेय. तुझ्याच हातात द्यायला बजावलंय. माझं भांडण तुझ्याशी आहे, पृथ्वीशी नाही.

रेघेचं मोजमाप मी तेव्हाच करून ठेवलं होतं. दोन्ही टोकं, आजूबाजूचे नऊ तारे धरून, प्रत्येक पाच-पाच वेळा. कागद प्लेटच्या पाकिटातच आहे. तरी तुमच्या यंत्रावर पुन्हा मोजा. माझ्यावर जाऊ नका.

तुझं पत्र चार पानांचं आहे. त्यात "असो" तीनदा आलंय. मोजले मी. प्रत्येक आकड्यापुढे चूक किती असेल तेही लिहायचं असतं, एवढं तरी मी तुला शिकवलं होतं. तू नुसते आकडे पाठवलेस.

एकच विचारते. रजिस्टरात "ओरखडा" असं लिहिण्याआधी तू त्या रेघेला भिंग लावलं होतंस का?

यांचा खोकला बरा आहे.

ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नाही.

भिंग लावलं नव्हतं. आधी हे उत्तर लिहून टाकलं, नाहीतर चार पानं फिरून मी पुन्हा "असो"वर आले असते. तू खाली नुसतं "ताई" लिहिलंस. "तुझी" गाळलंस. तेही मी बघितलं. एवढं बघायला मला भिंग लागलं नाही.

का लावलं नव्हतं, ते आता सांगते. तीन वेळा कागद फाडलाय, हा चौथा.

त्या दिवशी सकाळी डार्करूममधला मदतनीस आला नव्हता, म्हणून मी तुझ्या मदतीला आले होते. तू अंगठी वाटीत काढलीस आणि आत जाऊन रसायनं ओतायला लागलीस. मी दाराशी एकटी होते. वाटीत ती अंगठी चमकत होती. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी ती उचलून बोटात घातली. हात लांब धरून बघितला. मत्सर नव्हता ग, शपथेवर सांगते. तुझं काहीही मी आधी घालूनच बघायची ना, चपलांपासून स्वेटरपर्यंत. पण ती निघेना. सांध्यापाशी अडकली. आणि तेवढ्यात तू आतून हाक मारलीस, "आलीस का? दिवा घालवतेय!"

मी तशीच आत आले.

अंधारात आपण प्लेट ट्रेमध्ये सोडली. एक कड तू धरली होतीस, एक मी. आणि मला आवाज आला. बारीकसा, कुर्र असा. बाहेर आल्यावर मी धावत बेसिनपाशी गेले, साबण लावून अंगठी ओढून काढली, पुसून वाटीत ठेवली. तू हात पुसत आलीस आणि ती घातलीस. प्लेट वाळली आणि तिच्यावर रेघ.

आता कळलं ना? अमावस्या तुझ्यावर ओरडत होता तेव्हा मला पक्कं माहीत होतं की तो ओरखडा माझा आहे. तू कडा बघा, कडा बघा म्हणत होतीस आणि मला वाटत होतं, ताई उगाच धडपडतेय, हिला काय माहीत. रजिस्टर त्यानं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "लिहा." मी लिहिलं. पहिल्या दिवशी मी घाबरून गप्प बसले, दुसऱ्या दिवशी लाजेनं. नंतर गप्प बसायची सवयच झाली, आणि सवय फार वाईट असते ग, तिच्यात माणूस छान झोपतो, जेवतो, बढत्या घेतो. तुझ्या लग्नात मी जेवणाची व्यवस्था बघत हिंडत होते आणि लोक म्हणत होते, बघा, धाकटी कशी राबतेय बहिणीसाठी.

एकतीस वर्षं मला वाटायचं, मी तुझी प्लेट खराब केली आणि खापर तुझ्यावर फुटू दिलं.

परवा तुमचा फ्रेमावाला आला. माझ्या हातात पाकीट ठेवून म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, ही फुटली तर परत तोंड दाखवू नकोस." तुझ्या दुकानातल्या जुन्या फ्लॅनेलचे सात थर सोडवले. प्लेट उचलण्याआधी मी तीनदा हात पुसले, तेव्हा गणित्या म्हणाला, "मॅडम, मी ठेवू का?" मी म्हटलं, "हात लावशील तर बघ."

प्लेट यंत्राखाली ठेवली. डोळा लावला.

ताई, काय सांगू तुला? ओरखडा नाहीच तो! न धुतलेल्या प्लेटवर घासलं की रेघेच्या कडा तुटक, खरबरीत येतात. ही तर लोण्यासारखी. शेजारच्या ताऱ्यांच्या कडा जेवढ्या मऊ तेवढ्याच हिच्याही. दोन मिलिमीटर लांब, जाडी अगदी सारखी, आणि बरोब्बर गणित्याच्या पट्ट्याच्या दिशेनं. पहिलीच्या पोरालाही कळलं असतं. तू ओरडून सांगत होतीस आणि त्या खोलीत तुझ्याशिवाय कुणीच बघितलं नव्हतं. अमावस्येनं बघितलं नाही, कारण त्याला तुझ्या बोटात अंगठी दिसली. आणि मी बघितलं नाही, कारण मला माझ्या बोटातली आठवत होती. मी गुन्हेगार होते ना, मला पुराव्याची काय गरज?

मी किती वेळ तिथे बसले होते, ठाऊक नाही. रेघेच्या मागे माझ्या दीर्घिका होत्या, ज्यांच्यासाठी ती प्लेट घेतली होती. त्यांचा उजेड तीस कोटी वर्षं चालत आला होता. तो निघाला तेव्हा माणूस नव्हता, फूल नव्हतं, पक्षी नव्हता. आणि त्यांच्यासमोर हा धोंडा, त्याचा उजेड निघून जेमतेम दोन मिनिटं झालेली. दुर्बीण उघडी होती त्या पन्नास मिनिटांत दोघं त्याच वीतभर काचेवर येऊन टेकले. तीस कोटी वर्षांपूर्वीचं मी जन्मभर मोजत बसले आणि दोन मिनिटांपूर्वीचं माझ्या डोळ्यांसमोर होतं ते मला दिसलं नाही. मला आधी हसू आलं. मग रडू आलं. गणित्या उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. चांगला आहे तो.

मग आम्ही मोजलं. यंत्रानं, सहा वेळा. नंतर तुझा कागद उघडून शेजारी ठेवला. तुझे आकडे आणि यंत्राचे आकडे यांत फरक किती असेल? मिलिमीटरच्या हजार भागांतले दोन भाग. आणि तू प्रत्येक आकड्यापुढे लिहिलेली चूक? हजारातले तीन भाग. म्हणजे तुझी चूक किती असेल हेसुद्धा तू चुकली नाहीस. डोळ्यानं, हातानं चाक फिरवून, आणि नोकरी गेलेल्या आठवड्यात!

गणित्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे कुणी मोजलं? माणसानं?"

"माझ्या बहिणीनं."

"कुठल्या वेधशाळेत असतात त्या?"

"चष्मे विकते," मी म्हटलं.

त्यानं तोंडातली गोळी काढून हातात धरली आणि तुझा कागद पुन्हा पहिल्या आकड्यापासून वाचायला घेतला. ताई, त्याचा तो चेहरा तुला दाखवता आला असता तर मी माझं पेन्शन दिलं असतं.

तुझ्या आकड्यांवरून कक्षा पक्की झाली. बावीस वर्षांनी तो येईल, आणि नऊ लाख किलोमीटरवरून निघून जाईल. चंद्राच्या दुपटीहूनही लांबून. त्या संध्याकाळी कुणीतरी अंगणात उभं असेल, पोरं खेळत असतील, कुठे दुकानाचं शटर खाली येत असेल, आणि डोक्यावरून एक डोंगरच्या डोंगर मुकाट्यानं जाईल. कुणाला पत्ता लागायचा नाही. पण तो जाणार, हे आज आपल्याला ठाऊक आहे, एका बाईनं चादरींमध्ये काच सांभाळली म्हणून. रात्री घरी चालत येताना मी दर चार पावलांनी थांबून वर बघत होते. आमच्या इमारतीचा रखवालदार म्हणाला, "काय हरवलं का मॅडम?"

जगाला कळवायच्या टिपणात पहिली नोंद म्हणून तुझं पूर्ण नाव घातलंय. माहेरचं की सासरचं, हे तुला विचारायला हवं होतं. मी दोन्ही घातली. अंगठीचं मी आजच्या संचालकांना लेखी दिलंय. ते म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं झाली, आता जाताना कशाला?" मी म्हटलं, जातेय म्हणूनच. अठ्ठावीसला माझं शेवटचं काम म्हणजे रजिस्टरातला तो "ओरखडा" खोडून काढणं.

तुझं आयुष्य मी परत देऊ शकत नाही. सहायक संशोधकाची ती खुर्ची, त्या खुर्चीतून तू जे जे शोधलं असतंस ते सगळं, मी बसले ना तिच्यावर. तुझ्याइतकं कधी जमलंही नाही मला, हे खरं सांगते. माफी मागायला जीभ वळत नाही, कारण माफी फार लहान वाटते. तरी मागते. तू पत्र फाडलंस तरी चालेल. पण एवढं वाचून फाड: तू बरोबर होतीस, ताई. पहिल्या क्षणापासून.

अजून म्हणावंसं वाटलं तर,
तुझी बुटकी


२१ फेब्रुवारी

बुटके,

पत्र दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक अक्षरांच्या तक्त्यापुढे एक डोळा झाकून बसलं होतं. त्याला म्हटलं, उद्या या. तासभर दुकान बंद ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

अंगठी तुझ्या बोटात होती हे मला माहीत होतं.

तो कुर्र आवाज ट्रेच्या काठाचा होता. मी शेजारीच उभी होते ना? अंगठी काठाला घासली, प्लेटला नाही. मी अंधारात मनात म्हटलं, ही बया अंगठी घालून आत आलीय. नंतर घातली तर तिला साबणाचा वास. विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं. पण तू विचारलं नाहीस, तू पळत होतीस.

मी अमावस्येला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर त्यानं तुला काढलं असतं, आणि रेघ मात्र ओरखडाच राहिली असती. अंगठी कुणाच्या बोटात होती याच्याशी त्या रेघेचा संबंधच नव्हता. मला रेघ वाचवायची होती.

आणि तुला वाटतं मी अंगठीसाठी रागावले. नाही ग. आकाशात बघायला मी तुला शिकवलं. मागच्या गच्चीवर, तू पाच वर्षांची होतीस, मानेत कळ येईपर्यंत बघायचीस. सगळ्या खोलीनं बघितलं नसतं तरी चाललं असतं, पण तू बघशील असं मला वाटलं होतं. तू टेबलाशी वाकलीस, मला वाटलं भिंग उचलतेस. तू पेन उचललंस. एवढंच माझं भांडण होतं, आणि ते फार मोठं होतं.

दर वर्षी चादरी उन्हात घालते तेव्हा मी ती काच खिडकीशी धरून बघत आलेय. हा आता कुठे असेल, असं वाटायचं. एवढं मोठं आकाश, आणि हा एकटा कुठे फिरत असेल? माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही की हा आहे. चष्म्याचे नंबर काढता काढता मध्येच आठवण यायची त्याची. कधीकधी वाटायचं, मीच वेडी, ओरखडाच असेल. मग पुन्हा भिंग लावायची. आता तू लिहितेस की तो आला होता, पुन्हा येणार आहे आणि कुणाला न दुखवता जाणार आहे. मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे चादरींमध्ये होतं ते खरंच आकाश होतं?" म्हटलं, हो.

आयुष्याचं म्हणशील, तर माझं आयुष्य गेलेलं नाही. हजारो लोकांना मी नीट बघायला लावलंय. तरी ती खुर्ची मला हवी होती, हे खोटं नाही. ते दुखतं, आणि दुखत राहील. तू ते लिहिलंस हे बरं केलंस.

आता नीट ऐक. रजिस्टरात खोडायचं नाही. काय शिकवलं होतं मी? चुकीची नोंद कधी पुसायची नाही, तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मग पुढच्या ओळीत नवी तारीख, नवी नोंद, आणि बघणाऱ्याची सही. तुझं "ओरखडा" तसंच राहू दे. कुणीतरी पुढे वाचेल आणि भिंग उचलेल.

सहीची जागा मोकळी ठेव. अठ्ठावीसला सकाळच्या बसनं मी येतेय. अंगठी वाटीत काढता येणार नाही, आता ती माझ्याही बोटातून निघत नाही. आणि ते स्टूल भंगारात देऊ नकोस. तुला दुर्बिणीपाशी न्यायचं आहे, आणि तू अजून बुटकीच असशील.

तुझी,
ताई